पीएमएल प्रोटीन न्यूरॉनमध्ये नेमकं कुठे असतं?

एमएस्सीला आहे. पीएमएलबद्दल (प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया प्रोटीन) ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, चॅप्टरमध्ये वाचलं, १५ आणि १७ क्रोमोसोमची अदलाबदल वगैरे, पण हे मेंदूच्या पेशीतपण असतं म्हणे, मग तिथे कुठे, अ‍ॅक्सॉनमध्ये (पेशीच्या लांब तंतूत) की न्यूक्लियसमध्ये (केंद्रकात)?

प्रतिसाद १: मुख्यतः न्यूक्लियसमध्येच. अँटिबॉडी लावून फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली बघ, डॅपीच्या (डीएनए रंगवणारा डाय) निळ्या गोलात बारीक ठिपके चमकतात, त्याच पीएमएल बॉडीज, साइज साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटर.

प्रतिसाद २: +१. आणि आर्क प्रोटीनचं नक्की वाच, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. न्यूरॉन खूप वेळ जोरात फायर होत राहिला की आर्क न्यूक्लियसमध्ये साठतं, तिथे पीएमएल वाढतं आणि ग्लुए१ रिसेप्टर (सिग्नल पकडणारं प्रोटीन) बनणं कमी होतं, म्हणजे सिनॅप्सची (दोन न्यूरॉनमधल्या जोडाची) ताकद आवाक्यात राहते. २०१३ चं काम आहे.

प्रश्नकर्ता: अरे वा, म्हणजे नुसतं कॅन्सरपुरतं नाहीच हे! आजारात काही बदलतं का?

प्रतिसाद १: हो, एससीए१ अटॅक्सिया (तोल आणि हालचाल बिघडवणारा आनुवंशिक आजार) बघ. बिघडलेलं अटॅक्सिन-१ प्रोटीन न्यूक्लियसमध्ये गोळा होतं आणि पीएमएलची मांडणीच बदलते, हे १९९७ लाच दाखवलंय.