टायची क्लिप: कामाची वस्तू की नुसता दिखावा?

जुना_एमआर
मंडळी, घरात भांडण लागलंय, निवाडा तुम्ही करा. भाच्याची पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत आहे. राजवाड्याजवळून टाय आणला, गाठ मारायला मीच शिकवलं आणि कपाटातून माझी जुनी स्टीलची क्लिप काढून हातावर ठेवली. तर पठ्ठ्या म्हणतो, "मामा, हे आता हॉटेलातले वेटर लावतात. राहू द्या." बायकोही त्याच्याच बाजूला.

मी ३१ वर्षं औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. इंदूर, देवास, उज्जैन, धार, महू, सगळं स्कूटरवर. शहर मागे पडून वेग घेतला की टाय तोंडावर फडफडायचा. सुरुवातीला सगळे करतात तेच मीही केलं, टाय खांद्यावरून पाठीवर टाकला. एकदा तसाच डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरलो. औषधाचं नाव सांगतोय आणि डॉक्टर माझ्या खांद्याकडे बघतायत. मग शर्टाच्या दोन बटणांमधून आत खुपसायला लागलो. मे महिन्यात दुपारी बाहेर काढला की भिजून, चुरगळून मुरडलेल्या फडक्यासारखा दिसायचा. शेवटी एका सिनियरने क्लिप दिली. तेव्हापासून तिच्याशिवाय टाय घातला नाही.

माझं म्हणणं एवढंच: क्लिप हा दागिना नाही, ते टायचं दावं आहे. जनावर पाळायचं तर दावं हवंच. नाहीतर पाळूच नका.

ओटला
काका, मान आहे तुमच्या ३१ वर्षांना, पण भाच्याचं बरोबर आहे. बहुतेक टायच्या मागे एक छोटी आडवी पट्टी शिवलेली असते. बारीक टोक तिच्यातून ओवलं की झालं. वर आणखी चिमटा कशाला? आजकाल ऑफिसात आधीच गळ्यात ओळखपत्राची पट्टी लोंबते. त्यात टाय, त्यात चमकणारी क्लिप. माणूस मुलाखतीला निघाला की वरातीत बँडमास्तर म्हणून, कळत नाही.

जुना_एमआर
ती मागची पट्टी बारीक टोकाला रुंद टोकाशी बांधते. दोघांना मिळून शर्टाशी कोण बांधणार? दोन बैल एकमेकांना जुंपले, पण गाडी जोडलीच नाही, तसं ते.

उसळपोहे_फॅन
मी ओटला यांच्या बाजूचा, आणि अनुभवाने सांगतोय. क्लिप फोकटची वस्तू आहे. ट्रेनिंगचा पहिला दिवस, सकाळी नाक्यावर उसळ-पोहे घेतले. क्लिप लावलेली होती, चांगली दोनशे रुपयांची. प्लेटवर वाकलो तसा टाय क्लिपेसकट उसळीत. रस्सा लाल, टाय आकाशी. दिवसभर फाइल छातीशी धरून बसलो. ट्रेनरला वाटलं, पोरगा फार सिन्सियर आहे.

जुना_एमआर
एक विचारू? क्लिप कशाकशाला लावली होतीत?

उसळपोहे_फॅन
टायच्या दोन्ही पट्ट्यांना. पुढची आणि मागची.

जुना_एमआर
आणि शर्टाला?

उसळपोहे_फॅन
शर्टाला पण लावायची असते??

जुना_एमआर
भिया!! तीच तर सगळी गंमत आहे. पुढची पट्टी, मागची पट्टी आणि त्यांच्यामागची शर्टाची बटणपट्टी, तिन्ही एकत्र चिमटीत यायला हव्यात. नुसत्या टायला लावली म्हणजे तुम्ही टायला वजन बांधलंत. तो आणखी झोकात उसळीत जाणार.

जागा तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये. वर लावली तर गळ्याला टोचल्यासारखी दिसते, खाली लावली तर पट्ट्याच्या बक्कलची धाकटी बहीण वाटते. लावल्यावर वरचा टाय जरासा सैल सोडायचा, हलकासा फुगवटा राहिला पाहिजे. नाहीतर हात वर केला की सगळा शर्ट ओढला जातो. आणि क्लिप टायपेक्षा लांब नको. सव्वातीन इंच रुंद टायवर दोन इंचांची बास.

उसळपोहे_फॅन
सहा वर्षं झाली त्या गोष्टीला. कोणी सांगितलं नाही. असो, पक्ष बदलत नाही, पण आवाज जरा कमी करतो.

टिफिनवाली_आई
तुमचं दोघांचं चालू द्या, माझं वेगळंच आहे. मुलगा दुसरीत. शाळेचा टाय तयार गाठीचा, इलॅस्टिकवाला. तो हलून हलून किती हलणार? तरी शाळेच्या छापाची धातूची क्लिप सक्तीची, आणि शाळा सांगेल त्याच दुकानातून. या वर्षी तिसरी घेतली. पहिली बसमध्ये पडली, दुसरी त्याने कंपासपेटीतल्या पट्टीवर लावून मित्राला तलवार म्हणून दिली. परवा क्लिप नाही म्हणून प्रार्थनेच्या वेळी वेगळा उभा केला. आता सांगा, हे दावं कोणाच्या गळ्यात आहे?

शिस्तप्रिय_रामबाग
ताई, राग समजतो, पण शिस्त अशाच बारीक गोष्टींतून लागते. आमच्या वेळी टाय इस्त्री नसला तरी छडी मिळायची. मुलांना स्वतःची वस्तू सांभाळायची सवय लागते.

टिफिनवाली_आई
दादा, सवय मला लागलीय. सकाळी साडेसहाला पलंगाखाली वाकून क्लिप शोधायची.

लेथमास्तर
आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. जुना_एमआर म्हणतात क्लिप लावली की टाय सुरक्षित. स्कूटरवर असेल. फिरत्या यंत्राजवळ ही समजूत जीव घेऊ शकते. लेथचा चक, म्हणजे काम पकडून गरगर फिरणारा भाग, मिनिटाला शेकडो फेरे घेतो. टायचं टोक त्यात गेलं तर क्लिप कसली धरते? ती उडते, आणि गाठ गळ्याभोवती आवळत माणूस मशीनकडे ओढला जातो. म्हणून यंत्राजवळ टाय नाही, अंगठी नाही, सैल बाही नाही. पाहुणा कितीही मोठा असो, मी दारातच टाय काढायला लावायचो. एकदा एक बडे साहेब रागावले. रागावू दे.

दुसरं. बऱ्याच ठिकाणी पोलीस आणि सुरक्षारक्षकांना तयार गाठीचा, हुकाने कॉलरला अडकवायचा टाय देतात. कोणी पकडून ओढला तर तो हातात यावा, गळा आवळू नये म्हणून. त्यामुळे ताई, तुमच्या मुलाचा इलॅस्टिकचा टाय चेष्टेचा विषय नाही. मोठ्यांच्या टायपेक्षा शहाणा आहे तो.

वॉर्डातली_मी
डॉक्टर म्हणून माझं मत क्लिपेच्या विरोधात, कारण क्लिप लावली की आपण मूळ प्रश्न सोडवला असं वाटतं. इंटर्नशिपमध्ये आमचे एक सर रुग्णावर वाकले की टाय त्याच्या पोटावर टेकायचा. तिथून पुढच्या खाटेवर, तिथून त्याच्या पुढच्या. शर्ट रोज धुतला जातो, टाय कोण धुतं? २००४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी वगैरे ४२ जणांचे टाय तपासले होते. जवळपास निम्म्यांवर रोग पसरवू शकणारे जंतू सापडले. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये सांगून टाकलं, रुग्ण तपासताना बाह्या कोपराच्या वर, आणि टाय नको.

जुना_एमआर
डॉक्टरबाई, टायवर जंतू सापडले म्हणजे ते रुग्णाला लागलेच असं नाही ना? आणि टाय रुग्णाला टेकतो म्हणून त्रास, तर क्लिपेने तो टेकणार नाही. हा मुद्दा माझ्या बाजूचा झाला.

वॉर्डातली_मी
लागलेच असं त्या तपासणीने दाखवलं नाही, बरोबर. पण क्लिप चौथ्या बटणाच्या वर. तिच्या खाली सहा-सात इंच टाय उरतोच की, तो डोलतो. शिवाय तोच हात टाय सावरायला जातो आणि तोच हात जखमेला. ज्याचा रुग्णाला उपयोग नाही ते अंगावर हवंच कशाला? एमआर मंडळींनी टाय लावून यावं, माझी हरकत नाही. निदान लांबून ओळखू येतात आणि मागच्या दाराने निघता येतं.

मालवा_मराठा
इतकी चर्चा, आणि इंदूरच्या माणसाला आपल्या महाराजांची आठवण नाही? दुसऱ्या यशवंतराव होळकरांचं फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बूते द मोंव्हेलने केलेलं चित्र बघा, १९२९ चं. पाश्चात्त्य पोशाख, काय रुबाब! माणिकबाग महाल ज्यांनी म्यूथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला, त्यांचं राहणीमान ते. टाय आणि त्याबरोबरचं सगळं सामान ही आपल्याकडे वेटरची वस्तू कधीच नव्हती.

ओटला
भाऊ, चित्र परत बघा. तो रात्रीच्या मेजवानीचा पोशाख आहे, गळ्यात पांढरा बो टाय. बोला क्लिप लावत नाहीत, लोंबायला काही असतंच कुठे? म्हणजे आपले महाराज माझ्याच पक्षात. (आणि माणिकबागेत आता कर खात्याचं ऑफिस आहे. रुबाब उरला असेल तर फायलींना.)

मालवा_मराठा
बरं, बो तर बो. पुढचं गुपचूप वाचतो.

कोर्टकचेरी
आम्ही वकील यात कुठेच नाही. हायकोर्टात गळ्याला पांढरे बँड, म्हणजे कापडाच्या दोन पट्ट्या, त्यांना क्लिप लागत नाही. खालच्या काही न्यायालयांत बँडऐवजी काळा टाय चालतो असं बार कौन्सिलच्या नियमात आहे, पण वर काळा कोट असतो. कोटाची बटणं लावली की टाय जागच्या जागी. वेस्टकोट घातला तरी तेच. क्लिप ही कोट न घालणाऱ्याची अडचण आहे, एवढंच नोंदवून रजा घेतो.

सराफा_कोपरा
आता जरा आमच्या पेढीवरून. तुम्ही क्लिप-क्लिप करताय, पण आमच्याकडे जुन्या घरांतून येतात त्या टायपिना. लांब सुईसारख्या, वर मोती नाहीतर खडा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेब गळपट्ट्याच्या चुण्या धरून ठेवायला त्या टोचत. गळपट्टा जाड, भोक पडलं तरी चुणीत लपायचं. पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने कापड तिरपं कापून तीन तुकड्यांत टाय शिवायची पद्धत काढली. आजचा टाय तोच. हा सपाट, सुळसुळीत रेशमाचा, याला सुई टोचली की भोक कायमचं दिसतं. म्हणून न टोचता धरणारी क्लिप जोरात आली. मधली एक जात आहे, छोट्या खिळ्यासारखी, मागून टोपण बसतं आणि साखळीचं टोक काजातून अडकवतात. ती पण टोचतेच.

लोक आता या पिना मोडायला किंवा पेंडंट करायला आणतात. मी शक्यतो समजावतो. परवा एकांनी आजोबांची चांदीची पिन आणली, सुनेच्या साडीला लावायला ब्रोच करून द्या म्हणाले. ते मात्र आवडलं, लगेच करून दिलं.

माझा कौल विचाराल तर क्लिप हवी, पण साधी. खडे नकोत, कंपनीचा बिल्ला नको.

ओटला
बिल्ल्याचा विषय काढलातच तर सांगतो. अमेरिकेत १९६० च्या निवडणुकीत केनेडींनी आपल्या युद्धातल्या पीटी-१०९ बोटीच्या आकाराच्या टाय क्लिपा वाटल्या होत्या. ज्याच्या छातीवर बोट, तो आपला माणूस. बघा, वस्तू दाव्यासारखी, नुसती बांधायच्या कामाची असती तर तिच्यावर बोट कशाला काढली असती? दिखाव्याचीच आहे ती. फक्त साध्या क्लिपेचा दिखावा महाग असतो, कारण त्यात "मला दिखावा आवडत नाही" हे पण दाखवायचं असतं.

सराफा_कोपरा
हे लागलं. पण घड्याळाचंही तसंच आहे ना भिया, आणि तरी ते वेळ दाखवतं.

जुना_एमआर
सराफा भाऊ, एक कामाचं विचारतो. माझ्या क्लिपेची स्प्रिंग ढिली झालीय. दुरुस्त होईल का? भाच्याने तयारी दाखवली तर उगाच सुटायला नको.

सराफा_कोपरा
चिमट्याची आहे की सरकवायची? चिमट्याची असेल तर घेऊन या, आतली पट्टी बदलून मिळेल. सरकवायची असेल तर पातळ टायवर ती ढिलीच वाटते, जाड टायवर घट्ट. आणि चिमट्याचे दात धारदार असतील तर विणलेल्या टायला लावू नका, धागे निघतात. दुपारी या, संध्याकाळी खाऊगल्लीची गर्दी सुरू झाली की बोलता येत नाही.

टिफिनवाली_आई
शाळेची क्लिप पण आणू का? दात नाहीत, स्प्रिंग नाही, नुसता छाप आहे.

सराफा_कोपरा
आणा ताई. त्याचे पैसे नाही घेणार.

उसळपोहे_फॅन
काका, मुलाखतीचं काय झालं ते तरी सांगा. आम्ही इथे पोहे गार करून बसलोय.

जुना_एमआर
झाली काल. आदल्या रात्री निरोप आला, मुलाखत ऑनलाइन. घरातूनच. भाचा टाय बांधून लॅपटॉपसमोर बसला. क्लिप लावली होती, स्वतःहून. मी दाराआडून बघत होतो. कॅमेऱ्यात दुसऱ्या बटणापर्यंतच दिसत होतं.

ओटला
म्हणजे क्लिप कोणाला दिसलीच नाही! काका, आता तरी हरलात म्हणा. मग लावली कशाला?

जुना_एमआर
ऐन मुलाखतीत एसी बंद पडला. त्याच्या मामीने टेबलफॅन आणून समोर लावला, तीन नंबरवर.