गावतलावाच्या भरावावर फिरायला बंदी: बरोबर की चूक?

माळावरचा (धागा सुरू करणारा)

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, जिल्हा सांगली. गावाच्या वरच्या अंगाला बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेला मातीचा तलाव आहे. आमच्या आज्यांनी तिथं घमेली वाहिली. पूर्वी संक्रांतीला तळ उघडा पडायचा. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी सोडतात, त्यामुळे भर मे महिन्यात पाणी असतं, आणि पाणी आहे म्हणून माणसं येतात. सकाळी गुडघेदुखीवाले, संध्याकाळी कॉलेजची पोरं, रविवारी विट्याहून गाड्या. कणसं-भेळीचे चार गाडे लागले. ग्रामसभेत बोटिंग आणि बागेचा ठराव झाला.

आणि मागच्या पंधरवड्यात खात्याची माणसं आली, भरावाच्या दोन्ही टोकांना साखळी लावून 'धरणावर प्रवेश निषिद्ध' अशी पाटी ठोकून गेली.

मला ही बंदी मान्य नाही. पाटी लावली की जबाबदारी संपली, एवढाच तिचा अर्थ. कोयनेच्या शिवसागरात, जावळीतल्या मुनावळ्याला, २०२४ पासून सरकारी जलपर्यटन चालू आहे. १०५ टीएमसीच्या धरणाला चालतं, मग आमच्या डबक्याला का नाही?

सांडव्याखाली घर

तुमचं घर वरच्या आळीत आहे म्हणून तुम्हाला ते डबकं वाटतं. आमचं ओढ्याकाठी आहे.

मुनावळं आहे बॅकवॉटरला. तिथली बोट कोयनेच्या भिंतीजवळ तरी येते का? तुमच्या ठरावात बोटीचा धक्का कुठं दाखवलाय ते वाचा, थेट भरावाला चिकटून. रविवारी भरावावर चारचाकी चढवतात, वळवता येईना की मागं घेतात आणि कड तुटते. पाण्याच्या बाजूला लाटांपासून माती राखायला बसवलेले पिचिंगचे दगड उपसून चुली मांडतात. एका चुलीला तीन दगड, आता पार्ट्या मोजा. तिवरे धरण फुटलं ते विसरलात का? २ जुलै २०१९ ची रात्र, चिपळूण तालुका. वीसच्या आसपास माणसं गेली, वाडी धुऊन निघाली. बंदी हवीच.

माळावरचा

दादा, तिवरे मी विसरलेलो नाही. तिथं धरण पर्यटकांनी फोडलं नव्हतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनीच आधी केली होती, ती कुणी मनावर घेतली नाही. पुढं मंत्र्यांनी खापर फोडलं खेकड्यांवर! भरावावर माणसांचा वावर होता म्हणून तर गळती दिसली. आमच्याकडे साखळी लावल्यावर कोण बघणार, खेकडे?

निवृत्त लपा

लघु पाटबंधाऱ्यात नोकरी गेली माझी, म्हणून थोडं सविस्तर. इथं दोन भानगडी एकात कालवल्यात. माणूस बुडणं वेगळं आणि धरण फुटणं वेगळं. साखळीनं पहिलं थोडंफार टळेल, दुसऱ्याशी तिचा संबंध नाही.

चालणाऱ्या माणसानं मातीच्या धरणाला काही होत नाही. चाकांनी होतं. चाकोरी पडते, तीत पावसाचं पाणी साठतं, ते एका जागी उतार धरतं आणि दोन पावसाळ्यांत घळ तयार. दगड काढण्याबद्दल वरच्या मंडळींचं म्हणणं शंभर टक्के खरं. वारा सुटला की लाटा तेवढीच मोकळी जागा खात बसतात.

पण मातीची धरणं बहुतेक दोन वाटांनी जातात. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, पुरा पडला नाही म्हणून पाणी माथ्यावरून गेलं, नाहीतर आतून पाझरानं माती वाहून नेली. तुमच्या तलावात मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. हा भराव चार महिने पाणी धरायचा म्हणून बांधलेला. रोजगार हमीचं काम, दबाई कशी झाली असेल ते तुम्हीच समजा. आता टेंभूमुळे तो वर्षभर भिजतोय. उन्हाळ्यात एकदा खालच्या अंगाला पायथ्याशी जाऊन बघा. सगळीकडे कुसळं वाळलेली आणि मधेच पाचपन्नास फुटांचा पट्टा हिरवागार असेल, तर पाझर तिथं आहे. पाझर असणं वाईट नव्हे, धरण थोडं पाझरणारच. काचेच्या ग्लासात धरा. स्वच्छ असेल तर नुसती नोंद ठेवा. गढूळ झालं, किंवा पाण्याची पातळी तीच असताना धार वाढली, तर त्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी नव्हे. शिवाय त्या उतारावर बाभळी वाढल्यात. झाड मेलं की मुळाच्या जागी आयतं भोक राहतं. पाटी लावायला माणसं आली, त्यांनी कुऱ्हाड आणली होती का, एवढंच विचारतो.

कणीसवाली

मी त्या चार गाड्यांतली एक. साखळी लागल्यापासून गाडा फाट्यावर लावते, धंदा निम्म्यावर आला. ते असू दे. पोरं साखळीखालनं वाकून जातातच. आधी आम्ही समोर असायचो, कुणी कपडे काढून पाण्याकडं निघालं की आरडून माघारी बोलवायचो. एकदा तर गाड्याच्या छत्रीचा दांडा पुढं करून एकाला ओढलाय. आता तिथं हाक मारायला कोण हाय?

शाळामास्तर

ताई, तुमचं बरोबर आहे, पण हाकेवर किती दिवस चालायचं? तळ कसा झालाय ते माहीत आहे का लोकांना? गाळमुक्त धरण योजनेत गाळ काढला, त्याच्या आडून मुरूमही गेला. पोकलेननं सरळ उभे खड्डे मारलेत. पाणी चढल्यावर वरून सगळं सपाट दिसतं. पोरगं कमरेएवढ्या पाण्यात उभं असतं, पुढचं पाऊल टाकलं की तळच नाही. पोहता येणाराही घाबरून गाळात रुततो. आमच्या वर्गातली निम्मी पोरं विहिरीत पोहायला शिकलेली, त्यांना वाटतं आपल्याला काय होतंय.

आणि बोटिंग म्हणाल तर मे २०२४ ची उजनी आठवा. वळवाचा वारा सुटला, बोट उलटली, सहा जण गेले. त्याआधी २०१९ च्या महापुरात आपल्याच जिल्ह्यात, ब्रह्मनाळला, लोकांना वाचवायला निघालेली बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली आणि उलटली. ग्रामपंचायत ठेका देणार, ठेकेदार जॅकेटं आणणार, फोटो काढून कपाटात ठेवणार. लिहून ठेवा.

माळावरचा

म्हणजे कुणी काही करूच नये? उद्या गॅलरीत उभं राहायचीही बंदी घाला. जॅकेट नाही तर बोट नाही, वळवाच्या दिवसांत दुपारनंतर बोट बंद, खड्ड्यांच्या बाजूला दोर आणि डबे बांधून हद्द. एवढं अवघड आहे का? धक्का भरावापासून लांब, शाळेच्या बाजूला न्या, मला चालेल. चाळीस वर्षं गावाला पाणी बघायला मिळालं नाही. मिळालं तर लांबूनच नमस्कार करा म्हणता.

सातारकर

कास तलावासारख्या पाण्यावर गर्दीनं काय होतं ते आम्ही बघतो. प्रश्न माणसांचा कमी, प्लास्टिक आणि बाटल्यांचा जास्त. साताऱ्याला त्यातलंच पाणी पितात. तुमचा तलाव पिण्याचा आहे का, ते आधी सांगा.

माळावरचा

तलाव पिण्याचा नाही. पण खाली गावाची विहीर आहे, तिला पाझर त्याचाच.

कायद्याचं बोला

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची आहे. तुमच्या तलावाची शेवटची तपासणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात मागा. साखळीवर भांडण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

निवृत्त लपा

तो कायदा सरसकट सगळ्या तलावांना नाही. १५ मीटरच्या वर उंची हवी. हा भराव बाराच्या आसपास आहे आणि साठा १० लाख घनमीटर, म्हणजे साधारण ३५ दशलक्ष घनफूट, भरत नाही.

कायद्याचं बोला

साहेब, १० ते १५ मीटरमधली धरणंही त्यात येतात, पुढच्या अटींपैकी एक जरी लागू झाली तरी. साठा ही एक अट, माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त ही दुसरी. लांबी किती आहे?

कणीसवाली

या टोकापासनं त्या टोकापर्यंत गाडा ढकलताना जीव जातो, एवढी हाय.

निवृत्त लपा

मग टेप लावाच. आणि उंची पायाच्या तळापासून धरतात, जमिनीपासून नव्हे, ते ध्यानात ठेवा. लांबी भरली नाही आणि बाकीची कुठली अटही लागली नाही तर तलाव कायद्याच्या बाहेर आणि तपासणी मर्जीवर. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असेल तर तलाव जिल्हा परिषदेचा, त्यावर असेल तर दुसऱ्या खात्याचा. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे पाठवतो.

सांडव्याखाली घर

लांबी मोजा, नाहीतर उंची. मी गेल्या पावसाळ्यातलं सांगतो. मासेमारीच्या ठेकेदारानं सांडव्यावर जाळी ठोकलीय, मासे खाली जाऊ नयेत म्हणून. वरून पाला-पाचोळा, जलपर्णी, बाटल्या सगळं येऊन जाळीला बसतं. रात्री पाऊस झाला, सकाळी बघतो तर सांडव्यावरून पाणी जेमतेम घोटाभर, आणि आत भरावाला नेहमीच्या खुणेच्या कितीतरी वर. दोघांनी विळ्यानं कचरा तोडला. पाणी सुटलं तसं आमच्या परड्यातनं गेलं, पण गेलं बापडं.

निवृत्त लपा

हे आधी सांगायचं! बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवा. सांडव्यात जाळी म्हणजे पाणी माथ्यावरून घालवायची तयारी. मातीवरून पाणी एकदा वाहायला लागलं की थांबवता येत नाही.

जाळंवाला

जाळी सगळेच लावतात. बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायला पैसे पडतात. सांडवा सुटला की निम्मे मासे ओढ्यात, आणि तुमच्याच आळीची पोरं टोपल्या घेऊन हजर असतात. मोठ्या भोकाची जाळी लावतो, रोज साफ करतो.

सांडव्याखाली घर

त्या रात्री कुठं होता?

जाळंवाला

लेकीकडं गेलो होतो.

सांडव्याखाली घर

बघा. माळावरचे, तुम्ही बोट आणा, बाग करा, भरावावर चालायलाही माझी ना नाही, गाड्या तेवढ्या खाली राहू द्या. पण आखाडाच्या आत ती जाळी निघाली पाहिजे, मग ठरावावर सही मागायला या.

जाळंवाला

आणि माझ्या ठेक्याचे पैसे ग्रामपंचायत माघारी देणार का? आधी ते लिहा ठरावात.