टीव्हीतच सेट टॉप बॉक्स असला तरी...

"नव्या टीव्हीत सेट टॉप बॉक्स असतोच, छत्रीची वायर थेट लावा" हे अर्धंच खरं. आधी टीव्हीच्या माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचे सिग्नल पकडणारा ट्यूनर) लिहिलंय का बघा. नुसतं डीव्हीबी-टी२ असेल तर तो ट्यूनर जमिनीवरच्या टॉवरचे सिग्नल घेणाऱ्या अँटेनाचा, छत्रीला निरुपयोगी.

एस२ असला तरी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा) लावताना गाडी अडते ती एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, वीजपुरवठ्यावर. छत्रीवरच्या एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट त्याच वायरमधून जातात, आणि बऱ्याच टीव्हींत हा पर्याय मेनूत बंद असतो. तो चालू करा, मेनूत एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल निवडा (फ्रिक्वेन्सी 9750/10600). तरी सिग्नल शून्यच आला तर वायरच्या टोकाचा फिरवून बसवायचा एफ-कनेक्टर उघडा. वायरच्या बाहेरच्या जाळीची एखादी केसाएवढी तार मधल्या तांब्याला टेकली की शॉर्ट. वायर आरजी-6 (छत्रीची कोअ‍ॅक्सियल केबल) हीच घ्या.

छत्रीची दिशा जीसॅट-15 या उपग्रहाची, 93.5 अंश पूर्व. पुण्यातून आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 132 अंश, क्षितिजापासून 59 अंश वर. ऑफसेट छत्री (जिची एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते) मात्र दिसायला बरीच उभी राहते. ती आकाशाकडे उताणी केलीत की चुकलंच.