३२ जीबी रॅम असूनही सीटी रिकन्स्ट्रक्शन स्वॅपमध्ये का जातंय?

चाटीगल्ली:
टेरी टॉवेलच्या तुकड्याचा मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी आतली त्रिमितीय रचना टिपणारं स्कॅन) डेटा पुण्याहून यूएसबी हार्डडिस्कवर सोलापुरात आलाय. १२०० प्रोजेक्शन (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमा), प्रत्येक २०४८ × २०४८ पिक्सेल, १६ बिट. फाइल जेमतेम १० जीबी. पायथनमध्ये सगळं एकदम उघडून फ्लॅट करेक्शन (डिटेक्टरचा असमान उजेड काढून टाकणं) लावलं की काम स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवर जातं आणि मशीन गोठतं. आणखी रॅम टाकावी का?

सिनोग्राम_काका:
रॅमचं नंतर बघा की. १० जीबी हा डिस्कवरचा आकार. पायथनच्या नमपायमध्ये १६ बिट पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर ६४ बिट फ्लोट (दशांश संख्या) येतं, म्हणजे चौपट, ४० जीबी. त्याआधी डार्क (किरण बंद असतानाची प्रतिमा) वजा करता तिथे वेगळीच गोम: बिनचिन्ह १६ बिटमध्ये १०० मधून १०३ गेले की उणे ३ नाही, ६५५३३ उरतात. एरर येत नाही, स्लाइसवर (रिकन्स्ट्रक्शनने तयार होणाऱ्या कापांवर) रेघा मात्र उठतात.

मेममॅपने उघडा, म्हणजे फाइल डिस्कवरच राहते, लागेल तेवढाच भाग रॅममध्ये येतो. एका वेळी ५० प्रोजेक्शन, आधी फ्लोट३२, मग डार्क-फ्लॅट, मग उणे लॉग, सगळं त्याच अॅरेत जागच्या जागी. निकाल एसएसडीवर (डिटेक्टरची ओळ, कोन, स्तंभ) या क्रमाने लिहा. मूळ क्रमात एकाच ओळीचे शेजारचे दोन कोन ८ एमबी लांब पडतात, त्यामुळे एका ओळीसाठी हार्डडिस्क १२०० उड्या मारते. क्रम बदलला की ६४ ओळी म्हणजे सलग ६०० एमबी.

शंकू_किरण:
क्रम बरोबर, पण ६४ स्लाइसला ६४ ओळी हे समांतर किरणांचं गणित. मायक्रो-सीटीत किरण शंकूसारखे पसरतात. नमुन्याची त्रिज्या स्रोत-अक्ष अंतराच्या दहाव्या भागाइतकी असेल, तर मध्यापासून ७०० ते ७६३ या स्लाइसना साधारण ६३६ ते ८४८ ओळी लागतात. म्हणजे २ जीबी. कमी घेतल्या तर वरखालच्या स्लाइस धूसर येतात.

रिकन्स्ट्रक्शनच्या फिल्टरला सायपायचं एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म) वापरा, नमपाय २.० आधीचं फ्लोट३२ दिलं तरी ६४ बिटमध्येच गणतं. आणि पूर्ण व्हॉल्यूम रॅममध्ये धरूच नका: २०४८ च्या घनाला फ्लोट३२ मध्ये ३२ जीबी लागतात. ६४ स्लाइस झाल्या, १ जीबी लिहिला, पुढे.

चाटीगल्ली:
व्हीएमस्टॅटमध्ये एसआय-एसओ (स्वॅपमधून आत-बाहेर होणारी ये-जा) आता शून्य. पण मल्टिप्रोसेसिंगने आठ कोर लावले की पुन्हा चढतं.

शंकू_किरण:
आठ प्रोसेस म्हणजे आठ गठ्ठे, प्रत्येकी ३ जीबी (२ जीबी ओळी, १ जीबी स्लाइस). वर एफएफटीचा पसारा. गठ्ठा एकच ठेवा, त्यावर आठ थ्रेड चालवा. बाकी मे महिन्यात आपल्याकडे सीपीयू तापून मंदावतो, त्याचं खापर मेमरीवर फोडू नका.