आईच्या गुडघ्यांसाठी रिकंबंट बाईक: कोकणातल्या घरात टिकेल का, उपयोगी पडेल का?

आगरवाली (गुहागर तालुका)

नमस्कार. मी इथल्याच एका शाळेत शिकवते. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजव्याची जास्त. चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की ऑपरेशनची घाई नको. वजन थोडं उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, चालणं आणि सायकलिंग सोडू नका.

चालण्याची अडचण अशी की आमचं घर रस्त्यापासून बरंच खाली आहे, पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, उतरून यावं लागतं. मिरग लागला की पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. शेजारच्या काकी तिथेच घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून आई पावसाळाभर अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. चार महिने बसून राहिली की पाय इतके आखडतात की गणपतीत मोदक वळून झाल्यावर पाटावरून उठताना तिला दोघींनी धरावं लागलं. मोदक वळण्यात तिचा हात कोणी धरत नाही, आणि उठताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. या पावसाळ्यात असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

भाऊ ठाण्याला असतो, तो पैसे द्यायला तयार आहे. त्याने घरात एका जागी बसून पेडल मारायच्या, व्यायामाच्या दोन सायकली बघितल्यात. एक नेहमीची उभी, दुसरी पाठीला टेका असलेली, पेडल पुढे असतात ती रिकंबंट. दुसरी महाग आहे आणि जागाही जास्त खाते. आईसाठी तीच बरी का? खाऱ्या हवेत गंजून जाईल का? पडवीत ठेवली तर चालेल का? आई पातळ नेसते आणि उंची जेमतेम चार फूट दहा इंच, तेही लक्षात घेऊन सांगा. आणि लाईटचं तर तुम्हाला माहीतच आहे.

वर्कशॉपवाले काका (मालवण)

बाय, माझी उमेदीची सगळी वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली, म्हणून मशीनबद्दल बोलतो. गुडघ्याबद्दल जाणकार सांगतील. आमच्याकडे रिकंबंट आहे, बायकोच्या मणक्याच्या दुखण्यासाठी घेतली, आता मीही रोज बसतो. आमचं घर समुद्राच्या इतकं जवळ आहे की खिडकीचे गज दरवर्षी रंगवावे लागतात. तरी सायकल ठणठणीत आहे.

फिरणारं चाक, मॅग्नेट आणि बेल्ट हे सगळं कव्हरच्या आत असतं, तिथे खारी हवा फार पोचत नाही. गंज धरतो तो सीट ज्या रुळावर पुढेमागे सरकते त्या रुळाला, सीट अडकवायच्या खिळीला, पेडलच्या मुळाशी आणि उघड्या बोल्टांना. घाम गळतो तिथे सगळ्यात आधी. व्यायाम झाला की सुक्या फडक्याने पुसून काढायचं, आणि आठवड्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल फडक्याला लावून रुळावरून हात फिरवायचा. खोबरेल लावू नका. ते चिकट होऊन बसतं, त्यावर धूळ धरते आणि मुंग्या लागतात. प्लास्टिकचं कव्हरही घालू नका, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर पुरे.

पडवी नको. झापांचा आडोसा केला तरी झड आत येतेच. माजघरात किंवा ओटीवर आतल्या भिंतीला ठेवा. जमीन सारवलेली असेल तर पावसात खालून ओल फुटते आणि पाय रुततात, म्हणून खाली जाड फळी घाला आणि तिच्यावर रबरी मॅट. लादी असेल तर नुसती मॅट चालेल. सायकलच्या पायाला फिरवायच्या टोप्या असतात, त्या फिरवून डुगडुग काढून टाका. डुगडुगणाऱ्या सायकलवर म्हातारं माणूस दुसऱ्या दिवशी बसत नाही.

लाईटसाठी एकच बघा: भार, म्हणजे पेडल किती जड फिरतं ते, बदलायला हाताने फिरवायचा नॉब असलेली घ्या. नॉब फिरवला की आतली वायर मॅग्नेटना चाकाजवळ ओढते. मॅग्नेट चाकाला टेकत नाहीत, लांबूनच चाकाला अडवतात. त्यामुळे घासत काही नाही, आवाज नाही, आणि विजेची गरजही नाही. पडद्यापुरते पेन्सिल सेल लागतात. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या महागड्या सायकली असतात, त्यात मॅग्नेट मोटर हलवते. लाईट गेली की तुम्ही बसून राहा. काही स्वस्त सायकलींत मॅग्नेटऐवजी चाकाला घासणारं पॅड असतं, तेही नको, पॅड झिजतं आणि भार एकसारखा राहत नाही. सायकल काही दिवस बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, आमच्या दमट हवेत ते फुटून आतल्या पट्ट्या खातात.

आणि जोडताना: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं आवळायचं, डावं उलट्या दिशेने. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं. आधी बोटांनी चार-पाच आटे सहज गेले पाहिजेत, मगच पाना लावा. जोर करून आटे मारले तर दांडाच बदलावा लागतो, आणि तो आपल्याकडे लवकर मिळत नाही.

फिजिओ (रत्नागिरी)

काकांनी मशीनचं छान सांगितलंय. मी आईंच्या बाजूने बोलते.

गुडघ्याच्या झिजेत व्यायाम हाच मुख्य उपचार, गोळ्या नंतर. सायकलवर शरीराचं वजन सीटवर जातं, गुडघ्यावर नाही. उभ्या सायकलवरही हे होतं, पण तिथे चढायला पाय उचलून टांग टाकावी लागते, सीट अरुंद असते आणि तोल सांभाळावा लागतो. रिकंबंटवर खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं, कंबरेला टेका मिळतो. ६८ वर्षांच्या, पातळ नेसणाऱ्या बाईंसाठी मी डोळे झाकून रिकंबंट सांगेन. बसताना मात्र गाऊन किंवा सलवार घालायला लावा. पातळाचा काठ पेडलमध्ये अडकणं ही खरी भीती आहे, आणि गाऊनही खूप घोळदार नको.

आता उंची. सगळा फायदा सीट नीट लागण्यावर आहे. सीट फार जवळ असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो, पुढून दुखायला लागतं. फार लांब असली की पाय पुरवण्यासाठी कंबर डावी-उजवी हलते. मापायची सोपी रीत: टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सगळ्यात लांब न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघा थोडासा वाकलेला राहतो, साधारण २५ ते ३० अंश. पाठ टेक्याला चिकटलेलीच हवी. पुष्कळ सायकली उंच माणसांच्या मापाने बनवलेल्या असतात, चार फूट दहा इंचाला सीट शेवटच्या खाचेवर आणूनही पाय पुरत नाहीत. पैसे भरण्याआधी कमीत कमी किती उंचीला चालते हे दुकानदाराकडून लिहून घ्या. माझ्या दृष्टीने ही पहिली चौकशी, किंमत दुसरी.

सुरुवात पाच मिनिटांनी, भार सगळ्यात कमी. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. त्रास नाही झाला तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. भार नंतर, आधी वेळ. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, पण तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. मध्यम म्हणजे पेडल मारताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. पडद्यावरच्या नाडीच्या आकड्यांमागे लागू नका. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, त्यामुळे तो आकडा फसवतो. कॅलरीचा आकडाही अंदाजच असतो.

व्यायामानंतर गुडघा थोडा ठणकला तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज असेल किंवा दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर वेळ निम्म्यावर आणा. छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर. शेवटची तीन-चार मिनिटं हळूहळू पेडल मारून थांबायचं आणि लगेच उठायचं नाही. समोर पाय ठेवून बसल्यावर झटकन उठलं की काहींना अंधारी येते. पंखा लावा, आपल्या हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत राहतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या काकी पडल्या, ते या सायकलने टळणार नाही. बसून केलेल्या व्यायामाने तोल सुधारत नाही आणि हाडांवर भारही पडत नाही. ६५ च्या पुढे आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम हवा. म्हणून सायकलनंतर आईंना खुर्चीवरून हात न लावता उठायला-बसायला लावा, आधी पाच वेळा. खुर्ची उंच घ्या, खाली उशी घातली तरी चालेल. मग ओट्याला हात धरून टाचा वर-खाली, आणि एका पायावर काही सेकंद. पाटावरून उठण्याची ताकद यातूनच येईल. सायकल त्यासाठी पाय मोकळे करून देते.

दापोलीकर

घडी होणारी, टेका असलेली सायकल पण मिळते. रिकंबंटसारखी पूर्ण नाही, थोडी उभट असते, पण हलकी आहे आणि माडीवर चढवता येते. माझ्या वडिलांना ती चालली. तुमच्या आईंची कंबरही दुखत असेल तर मात्र पूर्ण रिकंबंटच बघा, घडीच्या सायकलचा टेका फार आधार देत नाही. आणि आतल्या वायरींना उंदरांपासून जपा. आमच्याकडे पडद्याची वायर कुरतडली होती.

आगरवाली (गुहागर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, खुर्चीवरून उठण्याचं आजच सुरू केलं. आई उशी घातलेल्या खुर्चीवरून तीनदा उठली, चौथ्यांदा टेबलाला हात लावला. सायकल यायची वाट बघायची नाही असं ठरवलंय.

भावाने दुकानात फोन केला. त्याने बघितलेली रिकंबंट पाच फुटांच्या खाली चालत नाही म्हणे. दुसरी एक चार फूट आठ इंचापासून चालते, नॉबवाली आहे, तीच घेऊ. जागा माजघरात, आगराच्या बाजूच्या खिडकीशी. आता प्रश्न एवढाच की खोका पाखाडीवरून खाली कसा आणायचा? गाडीवाला रस्त्यावरच ठेवून जातो.

वर्कशॉपवाले काका (मालवण)

खोका रस्त्यावरच उघडा. सीट, टेका, रूळ, पेडल, पाय सगळं सुटं निघतं. जड असतो तो चाकाचा भाग, तो दोन गड्यांनी पोत्यात घालून कावडीसारखा दांडा घेऊन उतरवायचा, कव्हरला धरून उचलायचा नाही, कव्हर तडकतं. बोल्ट आणि वॉशर एका डब्यात आधीच मोजून घ्या, पाखाडीवर एखादा सांडला तर सापडत नाही. काही कमी असेल तर गाडीवाला असतानाच पावतीवर लिहून घ्या. आणि मे संपायच्या आत मागवा. पाऊस लागल्यावर गडीही मिळत नाहीत, सगळे लावणीला जातात.