मदत हवी आहे: सीमेवर पाठवायची चकली न मोडता पोचेल का?

नमस्कार मंडळी. नौपाड्यातून पुढच्या चौकीवरच्या जवानाला दिवाळीचा फराळ पाठवायचाय. लढाईमुळे रजा बंद, निदान डबा तरी वेळेत हाती पडावा.

पत्ता पक्का आहे: क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत 56 एपीओ (लष्कराचं टपाल कार्यालय) आणि पिन. ठिकाणाचं नाव लिहायचं नसतं, त्यामुळे दिवसांचा अंदाज येत नाही. वीस दिवस धरलेत.

ओल्या नारळाच्या करंज्या बाद. बेसनलाडू, शंकरपाळे टिकतील. चिवड्यातलं खोबरं आधी खवट होतं, ते वगळलंय.

अडचण चकलीची. एक किलो भाजणीला पाऊण वाटी कडकडीत मोहन घातलं की चकली खुसखुशीत होते, पण हाताळणीत काटे झडून तळाशी भुगा होतो. मोहन कमी केलं तर दाताला कडक. कोमट असताना डबा बंद केला तर वाफ धरून मऊ पडते, म्हणून रात्रभर गार करतोच.

मोहन किती ठेवावं? चकल्या आडव्या रचाव्यात की उभ्या? फटींत चुरमुरे भरले तर दणके सोसतील का? ज्यांनी खरंच पाठवलंय त्यांनी कृपया लवकर सांगा, पार्सल सोमवारी टाकायचंय.