सुलकाटाची पिल्लं विदर्भात काढायची की नाही?

पाणघाट (धागा सुरू करणारा): आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं सुलकाटा कासव आता आपल्याकडच्या फार्महाउसवरही दिसू लागलंय. 'वाळवंटातलं जनावर हाय, आपलं ऊन त्याला घरच्यासारखं, जोडी आणा अन् पिल्लं विका,' असा हिशेब जोरात आहे. माझं म्हणणं, पाळा हवं तर, पण पिल्लं काढू नका. देशी कासवांचा प्रश्नच येत नाही. तलावातलं मऊ पाठीचं असो की स्टार कासव, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात सापडलं तर किमान ३ वर्षं. विदेशी जातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंद लागते.

कुटारबंडी: विरोध समजला, पण कारण चुकतंय. पिल्लं मरतात ती हौसेपायी नाही, पोल्ट्रीच्या अंडी उबवायच्या मशीनपायी. ते मशीन ३७.५ अंशाला लावलेलं असतं आणि ट्रे आपोआप फिरतात. कोंबडीला हे बरोबर, कासवाला घातक. कासवाचं अंडं घातल्यावर दिवस-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटलं की संपलं. म्हणून उकरतानाच वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करायची आणि तीच बाजू वर ठेवून उचलायचं. थर्मोकोलची पेटी घ्या, वजनानं समसमान व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी कालवा, अंडी अर्धी दाबा. तापमान ३० ते ३१, तापमान मोजणारा प्रोब अंड्यांच्या पातळीला. साधारण ३ ते ४ महिन्यांत पिल्लं. कोपऱ्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर लाइन गेली तरी तापमान चटकन पडत नाही. यात अवघड काय आहे बाप्पा?

पाणघाट: अवघड मे महिना आहे भाऊ. तुमची पेटी तापवते, थंड कोण करणार? फेब्रुवारीतली अंडी मे अखेरपर्यंत पेटीत असतात, खोलीत ३८-४० असतं, थर्मोस्टॅट बिचारा हीटर बंद करून बसतो. ३४-३५ च्या वर पिल्लं अंड्यातच मरतात, वाचली तर पाठीवरचे खवले कमीजास्त निघतात. आणि तापमान चढतं ठेवलं तर माद्याच निघतात.

कुटारबंडी: मग पेटी जमिनीखालच्या खोलीत ठेवा, नाहीतर एसीच्या खोलीत. खर्च आहे, पण अशक्य नाही.

मुरमाड: दोघांनाही एक राहिलं. उन्हात काटक हे खरं, पण ते बिळात बसून काटक. बाहेरचे ४५ अंश ते अंगावर घेत नाही. आपल्या काळ्या मातीत बीळ टिकत नाही: उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगून ढासळतं, आत जनावर गाडलं जातं. मुरमाची उंच जागा बघा, किंवा सिमेंटचा पाइप पुरून वर माती टाका.

दुसरं, पिल्लाच्या पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येतात. लोक ढेपेला आणि चुनीला दोष देतात. त्याही देऊ नयेतच, पण मोठं कारण कोरडी हवा. लहान पिल्लू मूळ जागी दमट बिळात वाढतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय कोरडी हवा, कूलर लावला तर गारठा. पहिलं वर्षभर पिल्लाला झाकणाच्या पेटीत, ओल्या कोकोपीटवर, ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवायचं. रोज १५-२० मिनिटं कोमट, हनुवटीपर्यंतच्या पाण्यात बसवायचं. खाणं हराळी, शेवगा, तुती, काटे काढलेली नागफणी. वर समुद्रफेणाचा चुरा. काचेच्या खिडकीतलं ऊन कामाचं नाही, काच यूव्हीबी (उन्हातले हाडांना लागणारे किरण) अडवते. मग हाडं मऊ पडतात, पाठ अंगठ्यानं दाबली तर दबते.

पाणघाट: हे सगळं शंभरातले किती जण करतील? एका खेपेला १५ ते ३० अंडी, आणि वर्षात एकाहून जास्त खेपा. मोठा नर ४५ किलोच्या पुढं जातो, भिंतीखालून उकरून निघतो, आयुष्य माणसाएवढं. पिल्लू घेणाऱ्याला हातात मावणारं खेळणं दिसतं.

कुटारबंडी: म्हणून विकायचं नाही? तिकडं आफ्रिकेतून जंगली सुलकाटाच्या व्यापारी निर्यातीचा कोटा २००० पासून शून्य आहे. घरची पिल्लं नसतील तर मागणी चोरट्या मालावर जाईल. अन् पैदाशीनं जात वाचते हे सुंदरबनात बाटागुर बास्का या नदीतल्या कासवाच्या बाबतीत दिसलंच की. तिथल्याच सजनेखालीत पैदास झाली, मग सोडलीही.

पाणघाट: तिथं जात तिथलीच होती आणि सोडायला नदी होती. तुमच्या सुलकाटाची पिल्लं साहेलला कोण नेणार?

तलावकाठ: विहिरीत टाकणारे आहेत ना! आपल्याकडं विहीर साफ राहावी म्हणून कासव सोडायची जुनी चाल. आता लाल कानाचं स्लायडर मोठं झालं की तेही विहिरीत, नाहीतर मालगुजारी तलावात. सुलकाटा तर पोहतही नाही, बुडतं. विकणाऱ्यानं पिल्लू परत घेण्याची अट लिहून द्यावी, नाही तर पैदास करू नये. शिवाय 'वीस नखी', म्हणजे गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी वीस नखांचं कासव, शोधणारं टोळकं गावोगाव फिरतंय, हे विसरू नका. स्टार कासवाची नखं १८ असतात, पुढं पाच-पाच आणि मागं चार-चार. एकेक कासव मोजून फोडतात. घरात कासव आहे हे चारचौघांत बोलूच नये. कुठं पकडलेलं देशी कासव दिसलं तर १९२६ वर वन विभागाला कळवा.

कुटारबंडी: परत घेण्याची अट मान्य. पण ३० पिल्लं परत आली तर ती ठेवायची कुठं, हेही लिहा.

पाणघाट: म्हणूनच म्हणतो, खेपेतली अंडी उकरून त्याच दिवशी उकळा. नोंद फक्त जोडीची राहील.

मुरमाड: उकळायची असतील तर मादी पूर्ण घालू द्या. मधेच उकरायला गेलात तर ती उरलेली अंडी पोटात धरते, आणि अडकलेलं अंडं काढायला आपल्या भागात सरपटणाऱ्यांचा डॉक्टर मिळणं कठीण.